बिऱ्हाड हलवावे की न हलवावे?

(गावच्या यात्रेच्या दुसऱ्या दिवशी शाळेच्या पटांगणात जमलेल्या मंडळींपुढे एका शिक्षकांनी केलेले भाषण)



आम्ही पडलो खेड्यातले शाळामास्तर. अध्यापक विद्यालयात शिकवायला शिकलो, भाषणे करायला शिकलो नाही. तेव्हा गोड शब्दांची अपेक्षा आमच्याकडून करू नका. परंतु एक काम आम्ही वीस वर्षे आमच्या हाताने करीत आलो आहोत. ते म्हणजे शाळा सोडल्याचे दाखले लिहिण्याचे. त्या दाखल्यावर 'शाळा सोडण्याचे कारण' असा एक रकाना असतो. त्या रकान्यात 'पालकांचे स्थलांतर' हे दोन शब्द आम्ही किती वेळा लिहिले याचा हिशेब आता आमच्याजवळ नाही. यात्रा संपली की चार-दोन घरे शाळेत येतात आणि म्हणतात, "गुरुजी, पोरांचे दाखले द्या, परवाची गाडी आहे." विचार करून झालेला असतो, तिकिटे काढलेली असतात, आणि मास्तराला कळते ते सर्वांच्या शेवटी. म्हणून यंदा ठरविले की, तिकिटे निघण्यापूर्वीच दोन शब्द बोलावे.

परमुलखात जाणे वाईट असे आम्हांस म्हणावयाचे नाही. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ हा आपला टापू पर्जन्यछायेतला. सह्याद्रीने पाऊस अडवायचा आणि आम्ही आभाळाकडे पाहत बसायचे, ही पिढ्यान्पिढ्यांची रीत. 1972 च्या दुष्काळात खडी फोडलेले हात अजून या गावात आहेत. पोट भरेना म्हणून आमचे वाडवडील बाहेर पडले आणि सोने-चांदी गाळण्याची विद्या शिकून केरळ-तमिळनाडूपासून बंगाल, बिहार, उत्तर प्रदेश, पंजाबपर्यंत पोचले. ज्यांच्या सात पिढ्यांत कोणी सोनार नव्हता अशा कुणब्यांच्या पोरांनी ही कसबाची कामे हस्तगत केली. कसब जातीच्या रक्तात असते असे सांगणाऱ्यांना याहून चांगले उत्तर कोणते? त्या मंडळींबद्दल आमच्या मनात आदर आहे. गावची शाळा, तालीम, देऊळ यांच्या भिंतींत त्यांच्या घामाचा पैसा आहे.

पण आदर वेगळा आणि अनुकरण वेगळे. गावात बंगला दिसतो म्हणून शेजाऱ्याने बिऱ्हाड हलवायचे, हा विचार नव्हे. त्या बंगल्याला वर्षाचे अकरा महिने कुलूप असते, हेही पाहावे. आणि जे जाऊन बुडाले त्यांचा बंगला नसतोच, म्हणून ते कोणास दिसत नाहीत. यात्रेला येतो तो तरलेला माणूस. बुडालेला माणूस गाडीभाड्यालाही महाग असतो, तो यात्रेला येत नाही. तेव्हा यात्रेतली मोटार पाहून धंद्याची परीक्षा करू नका.

जावे की न जावे, हा प्रश्न लोक एकच समजतात. वास्तविक ते चार प्रश्न आहेत. धंद्यासाठी जावे काय? गेल्यास एकट्याने जावे की बायकापोरांसह? बायकापोरांस न्यायचे तर केव्हा न्यावे? आणि मागे काय ठेवून जावे? या चारांची गल्लत होते म्हणून घरे मोडतात.

आधी हिशेब

आपण शेतकरी लोक बी-बियाण्याचा हिशेब बोटांवर करतो, पण संसार उचलून नेताना हिशेब करीत नाही. उदाहरणादाखल एक मांडून दाखवतो. समजा, दुकानात कामाला राहणाऱ्या माणसाला महिना 18,000 रुपये मिळाले. बायको व दोन मुले घेऊन तो गेला. खोलीभाडे 6,000, किराणा, दूध व गॅस 8,000, मुलांची शाळा 2,000, दवाखाना व फोन 1,500. झाले 17,500. उरले 500. वर्षाचे 6,000. चार माणसांचे यात्रेला येण्या-जाण्याचे भाडे आणि पाव्हण्यारावळ्यांचे देणे-घेणे एवढ्यात भागते काय? तोच माणूस एकटा गेला, दुकानातच राहिला-जेवला आणि 4,000 त खर्च आटोपला, तर 14,000 घरी येतात. घरची ज्वारी, घरचे दूध धरून इथला खर्च 6,000 झाला, तर 8,000 उरतात. वर्षाचे 96,000. आकडे ज्याने त्याने आपापले घालावे, पण घालावे हे नक्की.

आता या हिशेबात एक लबाडी आहे, ती सांगितल्याशिवाय पुढे जाणे बरे नव्हे. एकट्याने जाण्याचा हिशेब इतका गोड दिसतो, कारण त्यात मागे राहिलेल्या बाईची मजुरी धरलेली नाही. शेत तिने पाहायचे, जनावरांचे शेण-वैरण तिने करायची, सासू-सासऱ्यांचे दुखणे तिने काढायचे, पोरांना शाळेत तिने धाडायचे. गडी माणूस लावला असता तर त्याला रोज द्यावा लागला असता. तिला काही द्यावे लागत नाही म्हणून 96,000 उरतात. आणि मुलगा बापाला वर्षातून पंधरा दिवस ओळखतो. त्याची किंमत कोणत्या रकान्यात मांडावयाची? म्हणून आमचे म्हणणे असे की, हिशेब दोन्ही बाजूंचा करावा. कुटुंब जवळ असणे ही चैन नव्हे. पण त्यासाठी मिळकत किती पाहिजे, ते आधी ठरवून मग न्यावे. साधा नियम असा धरा, की पहिले एक वर्ष एकट्याने जावे, भाषा शिकावी, मालक कसा आहे ते पाहावे, आणि सहा महिने हातात काही उरते असे दिसल्यावर कुटुंब नेण्याची बोलणी सुरू करावी.

घरच्या लक्ष्मीला विचारले काय?

बोलणी कोणाशी? भावकीशी, मेव्हण्याशी, दुकानमालकाशी आपण बोलतो. जिचे पाऊल उचलायचे तिच्याशी बोलत नाही. तिला सांगतात, "सोमवारी निघायचंय, भांडी बांध." बंधूंनो, हा कोठला न्याय? बैल विकताना आपण त्याचे दात पाहतो, आणि माणसाचे मन पाहत नाही!

तिथे गेल्यावर तिच्या वाट्याला काय येते, ते ऐका. दुकानामागची एक खोली. शेजारणीची भाषा कळत नाही. भाजीवालीशी खुणांनी बोलायचे. दिवसभर भट्टीचा धूर. इथे विहिरीवर, रानात, बचत गटात चार बायकांत तिचा शब्द होता, तिथे तिला नाव उरत नाही. कित्येकींनी त्यातूनही वाट काढली. मल्याळी-तमिळ अस्खलित बोलणाऱ्या, दुकानाचा गल्ला सांभाळणाऱ्या आपल्या भगिनी आज या मंडपात बसल्या आहेत, आणि सासुरवासाच्या जाचातून सुटलो असे म्हणणाऱ्याही आहेत. म्हणजे काय, की एकीला जे सुख ते दुसरीला कैद असू शकते. कोणीला काय वाटते ते विचारल्यावाचून कळणार कसे?

आणखी एक गोष्ट. दुकान टाकताना पहिले भांडवल बहुधा बायकोच्या अंगावरचे सोने असते. ज्या सोन्यावर धंदा उभा राहिला त्या धंद्यात तिचा भाग का नसावा? सातबाऱ्यावर पत्नीचे नाव लावण्यासाठी महाराष्ट्रात 1992 सालापासून लक्ष्मी मुक्तीची तरतूद आहे. तिला मागे ठेवून जाणार असाल तर तिचे नाव सातबाऱ्यावर लावून जा. नाहीतर तलाठ्यापासून सोसायटीपर्यंत तिला प्रत्येक ठिकाणी दिराचे तोंड पाहावे लागते.

पोरांची शाळा

आता आमच्या अधिकारातला विषय. मूल पाच-सहा वर्षांचे असेल तर नवी भाषा त्याला गल्लीतली पोरेच शिकवतात. त्याची फार काळजी नको. आठ-दहा वर्षांचे असेल तर एक वर्ष जड जाते, पण निभते. मात्र सातवीपासून दहावीपर्यंतचे मूल अर्ध्यातून उपटून नेऊ नये. मराठीत अपूर्णांक शिकत असलेल्या मुलीला मल्याळी किंवा तमिळ शाळेत बसविले, तर ती गणितात कच्ची नसते, भाषेत अडते. पण शिक्षा तिला गणिताची मिळते. आणि मग घरचे म्हणतात, "हिला अभ्यास जमत नाही, लग्न करून टाकू." मुलीचे शिक्षण असे संपते.

कायदा तुमच्या बाजूचा आहे, तो माहीत असू द्या. शिक्षणहक्काचा कायदा 2009 सालचा, अंमल 1 एप्रिल 2010 पासूनचा. त्याप्रमाणे 6 ते 14 वर्षांच्या मुलाला दुसऱ्या शाळेत, दुसऱ्या राज्यातसुद्धा, जाण्याचा हक्क आहे. दाखला ताबडतोब देणे मुख्याध्यापकावर बंधनकारक आहे, आणि दाखला पोचायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेने प्रवेश नाकारता कामा नये. मुलाला वयाला अनुरूप वर्गात बसवायचे आणि मागे पडले असेल तर त्यास जादा शिकवायचे, हेही त्यात आहे. परमुलखात कोणी "पुढच्या वर्षी या" म्हणाले तर हे नम्रपणे पण ठामपणे सांगा.

निघण्याचा दिवस ठरविताना पंचांग उघडले जाते. दक्षिणेकडे जायला अमुक वार वाईट, तमुक योग बरा! त्या दक्षिणेकडच्या देशात तुमचेच भाऊबंद चाळीस वर्षे सर्व वारांना पोट भरीत आहेत. मुहूर्त पाहायचाच असेल तर शाळेचा पाहा. आपल्याकडे शाळा जूनमध्ये उघडते, केरळ-तमिळनाडूकडेही साधारण तेव्हाच. उत्तरेकडील कित्येक राज्यांत वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते. त्या महिन्यापूर्वी पोचलात तर मुलाचे वर्ष वाचते. दिवाळीनंतर नेलेत तर वर्ष बुडाले असे समजा. हा मुहूर्त चुकला तर कोणतीही शांत करून भरपाई होत नाही.

दाखल्यासंबंधी दोन बारीक गोष्टी. तुमच्या मुलाचे नाव आमच्या रजिस्टरात मराठीत असते आणि तिकडची शाळा ते इंग्रजीत लिहिते. एका ठिकाणी एक अक्षर, दुसऱ्या ठिकाणी दुसरे, आधारावर तिसरेच. पुढे नोकरीच्या वेळी हा एक अक्षराचा फरक दहा खेटे घालायला लावतो. म्हणून सर्व कागदांवर नाव व जन्मतारीख एकसारखी करून मगच निघा. दुसरे असे की, गावच्या शाळेच्या रजिस्टरातील जातीची नोंद हा मोठा पुरावा असतो. 2023 सालापासून जुन्या कुणबी नोंदी शोधण्याचे काम झाले, तेव्हा शाळांची जुनी रजिस्टरे किती मोलाची ठरली ते तुम्ही पाहिलेच आहे. मुलाचे पहिले नाव परमुलखातील शाळेत दाखल झाले आणि तिथे जातीची नोंदच झाली नाही, तर पुढे अडचण येते.

सवलतींचेही नीट समजून घ्या. अनुसूचित जाती-जमातींच्या सवलती एका राज्याच्या दुसऱ्या राज्यात आपोआप लागू होत नाहीत, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 1990 सालचा आहे. इकडे ज्या दाखल्याने वसतिगृह मिळते तो दाखला तिकडे चालेलच असे नाही. उलट, वैद्यकीय प्रवेशात महाराष्ट्राच्या कोट्यातील जागेसाठी दहावी-बारावी महाराष्ट्रातून झालेली असणे आणि अधिवासाचा दाखला असणे, ही साधारण अट असते. अपवाद आहेत, ते त्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तकात पाहावेत. मूल हुशार असेल तर दहावीपूर्वीच कोणत्या राज्यात शिकवायचे ते ठरवा. बारावी झाल्यावर विचारायला याल, तर मास्तर हात जोडण्यापलीकडे काही करू शकणार नाही.

भट्टीजवळचे पोर

आता जरा कडू बोलतो, राग मानू नका. तेराव्या-चौदाव्या वर्षी पोराला "काम शिकेल" म्हणून दुकानात धाडण्याची चाल आपल्यात होती व ती पुरती गेलेली नाही. कामाचे स्वरूप काय? जुन्या सोन्यात त्याच्या सुमारे तिप्पट चांदी घालून मुशीत वितळवायचे, पाण्यात ओतून त्याचे दाणे पाडायचे, ते दाणे नायट्रिक आम्लात उकळायचे. तांबे-चांदी विरघळते आणि सोन्याची तपकिरी भुकटी तळाशी उरते. ती धुऊन टाकणखार घालून पुन्हा आटवली की शुद्ध सोने. विद्या सुंदर आहे. परंतु आम्लातून जो तांबूस-पिवळा धूर निघतो तो छातीला विष आहे. तो घेतल्यावर त्या क्षणी फक्त ठसका लागतो, माणूस घरी जाऊन जेवतो, आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, फुप्फुसात पाणी होऊन श्वास कोंडतो. म्हणून धूर छातीत गेला तर "आता बरे वाटते" म्हणून झोपू नये, दवाखाना गाठावा व कशाचा धूर होता ते डॉक्टरास सांगावे. धुराड्याला पंखा व उंच नळी नसेल त्या दुकानात कामास राहू नये. आणि ज्या दुकानामागच्या खोलीत हा धूर शिरतो तिथे तान्हे मूल व गरोदर बाई ठेवू नये. बिऱ्हाड न्यायचे तर खोली दुकानापासून दूर घ्यावी. भाडे जास्त पडेल, ते हिशेबात धरावे.

2016 च्या दुरुस्तीनंतर 14 वर्षांखालील मुलाला कोणत्याही धंद्यात कामास ठेवण्यास बंदी आहे. घरच्या धंद्यात शाळा सांभाळून मदत करण्याची सूट आहे, ती धोक्याच्या कामाला लागू नाही. 14 ते 18 वर्षांच्या मुलांनाही धोक्याच्या कामावर लावता येत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी, चार इयत्ता जास्त शिकलेला मुलगा धंद्यात मागे पडत नाही, उलट पुढे जातो. 2017 पासून वस्तू व सेवा कर आला, 16 जून 2021 पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्कची सक्ती आली. आता नुसता हात चालून भागत नाही, कागद वाचावा लागतो. आणि या धंद्यात कागदावाचून तुरुंगही जवळ असतो. कोणी चोरीचा डाग आणून दिला आणि तुम्ही तो गाळला, तर पोलीस तुमच्या दारात येतात. पूर्वी भारतीय दंड संहितेचे कलम 411 होते, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचे कलम 317 आहे. भाषा येत नाही, ओळख नाही, अशा परक्या माणसाने नोंदवही ठेवलीच पाहिजे. माल आणणाराचे नाव, ठिकाण, ओळखपत्र, वजन, तारीख. वही नाही तर धंदा नाही, असा नेम करा.

मागे काय ठेवावे?

जमीन. हे एका शब्दातले उत्तर. दुकान टाकण्यासाठी जमीन विकू नका. मुंबईच्या गिरण्यांचा धडा आपल्या बापजाद्यांनी पाहिला आहे. 18 जानेवारी 1982 रोजी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यांतले कित्येक पुन्हा गिरणीत गेलेच नाहीत. ज्याचे गावी दोन बिघे होते तो गावी आला आणि तगला. ज्याने ते विकून चाळीत खोली केली होती त्याचे हाल झाले. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी झाली तेव्हाही हेच दिसले. दुकाने बंद, हातात पैसा नाही, आणि गावची वाट धरलेली माणसे. याच शाळेच्या खोल्यांत ती मंडळी चौदा-चौदा दिवस राहिली. घर होते, धान्य होते, म्हणून परतण्याला ठिकाण होते.

जमीन ठेवायची म्हणजे नुसती नावावर ठेवायची नव्हे. पडीक रान काटेरी होते आणि बांध सरकतो. भावाला किंवा शेजाऱ्याला कसायला दिलीत तर वाटा, मुदत आणि अटी कागदावर लिहा. भाऊबंदकीचे निम्मे दावे "तोंडी ठरले होते" या तीन शब्दांतून जन्मतात. 2021 पासून पिकाची नोंद ई-पीक पाहणीने शेतात उभे राहून मोबाईलवर करावी लागते. ती कोण करणार ते नेमून जा. नाहीतर पाऊस बुडाला की मदतीच्या यादीत तुमचे नाव नसेल. शिधापत्रिकेचेही तसेच. ऑगस्ट 2019 मध्ये चार राज्यांपासून सुरू झालेली एक देश एक शिधापत्रिका ही सोय 2022 पर्यंत सर्व राज्यांत लागू झाली. घरच्यांनी आपला वाटा इथे आणि परगावी असलेल्याने आपला वाटा तिथे उचलावा, असेही करता येते. त्यासाठी सर्वांचे आधार शिधापत्रिकेस जोडलेले असले पाहिजे. हे काम इथेच उरकून जा.

आणि मालकाची उचल घेऊन जाऊ नका. गाडीभाडे, लग्नखर्च म्हणून घेतलेली उचल हीच बेडी होते. ती फिटेपर्यंत पगार मागता येत नाही, काम सोडता येत नाही, आजारी पडता येत नाही. मालक आपल्याच गावचा, आपल्याच भावकीतला असला म्हणून उचल गोड होत नाही. सावकार जातीचा असला तरी सावकारच.

गेले त्या कारणाचा शोध

आणखी एक विचार करा. आजोबा ज्या कारणासाठी गेले ते कारण अजून उभे आहे काय? 1993 पासून आटपाडीत पाणी परिषदा भरल्या, हजारो शेतकऱ्यांनी समान पाण्यासाठी लढा दिला. कराडजवळ टेंभू येथे कृष्णेचे पाणी उचलण्याच्या योजनेला 1996 मध्ये मंजुरी मिळाली, आणि आज तिचे पाणी आपल्या टापूतील कित्येक शिवारांत आले आहे. ज्या माळावर कुसळ उगवत नव्हते तिथे डाळिंब उभे आहे. ज्याच्या रानात पाणी पोचले, त्याने 18,000 च्या नोकरीसाठी बिऱ्हाड हलवण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा. ज्याच्या बांधापर्यंत ते अजून आले नाही, त्याला आम्ही थांब म्हणत नाही. पण त्याने पाण्याच्या मागणीच्या अर्जावर सही करून जावे. गावातील तरणी माणसे निघून गेली की पाणी मागायलाही कोणी उरत नाही.

ज्यांना जमीनच नाही, त्या बलुतेदार व कारागीर घरांना हा उपदेश लागू पडत नाही, हे आम्ही जाणून आहोत. लोहाराची ऐरण थंडावली, कुंभाराचे चाक थांबले, बैत्याचे धान्य बंद झाले, त्यांनी कशाच्या आशेवर थांबावे? शिवाय गाव सर्वांनाच आईसारखे होते असेही नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत खेड्याबद्दल जे कठोर शब्द काढले ते अनुभवाचे होते. ज्याला इथे वेशीबाहेर ठेवले त्याला परमुलूख मोकळी हवा वाटली, तर त्यात त्याचा दोष नाही, गावाचा आहे. अशा बांधवांनी जरूर जावे, मुलाबाळांसह जावे, मात्र कागद घेऊन जावे आणि कसब घेऊन जावे. कसब शिकून गेलेला आणि नुसते हात घेऊन गेलेला, यांच्या पगारात व मानात जमीनअस्मानाचे अंतर पडते.

स्थिरावलेल्यांस विनंती

शेवटी, परमुलखात स्थिरावलेल्या मंडळींस दोन शब्द. तुम्ही तिकडे मंडळे काढली आहेत, शिवजयंती व गणेशोत्सव थाटाने करता. फार चांगले. नारायण मेघाजी लोखंड्यांनी 1884 साली मुंबईच्या गिरणीकामगारांना एकत्र केले, आणि 1890 साली रविवारची सुट्टी पदरात पडली. परमुलखातला माणूस एकटा असतो तोवर दुबळा असतो, हे त्यांनी ओळखले होते. तुमच्या मंडळाने त्या रविवारी एक तास मुलांना मराठी लिहा-वाचायला शिकवावे. नव्याने येणाऱ्या पोराला कोणत्या दुकानात धुराडे आहे, कोणता मालक पगार थकवतो, हे खरे सांगावे. नव्या बाईला शाळा, दवाखाना, बाजार दाखवायला एका बाईने तिच्याबरोबर जावे. ढोल-ताशाच्या एका रात्रीच्या खर्चात हे वर्षभर चालेल. आणि गावात आल्यावर नुसता तोरा मिरवू नका, तोटाही सांगा. तुमच्या एका खऱ्या शब्दाने एखादे घर बुडता वाचेल.

मंडळी, आम्ही कोणास जा म्हणत नाही, कोणास राहा म्हणत नाही. ज्याच्या त्याच्या चुलीचे लाकूड ज्याला ठाऊक. आमची मागणी एवढीच आहे की, हा निर्णय नवरा-बायकोने मिळून, पाटी-पेन्सिल घेऊन, मोठ्या मुलाला जवळ बसवून करावा. मिळकत किती, खर्च किती, पोराची इयत्ता कोणती, जमीन कोण पाहणार, म्हाताऱ्यांचे औषधपाणी कोण करणार, उचल घेतली आहे काय, परत यायची वेळ आली तर कोठे यायचे? या सात प्रश्नांची उत्तरे पाटीवर लिहून झाली म्हणजे जावे की राहावे हे दुसऱ्या कोणास विचारण्याची गरज पडणार नाही. हिशेब लिहिता येत नसेल तर संध्याकाळी शाळेत या, आम्ही लिहून देऊ. निकाल तुमचाच राहील. आणि जायचे ठरले, तर दाखला त्याच दिवशी मिळेल, त्यावर एक दिवसही उशीर होणार नाही, याची हमी या शाळेच्या वतीने देतो.